व्होलिस सिम्पसनची भिरभिरी

भिरभिरं म्हटलं की काडीला टाचणीने लावलेलं कागदाचं खेळणं डोळ्यासमोर येतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या विल्सन शहरात जी भिरभिरी आहेत ती मात्र लोखंड-पत्र्याची, काही चाळीस-पन्नास फूट उंच, आणि जवळजवळ सगळी भंगारातून बनवलेली. बनवणारा माणूस एकच, व्होलिस सिम्पसन (1919-2013).

सिम्पसन आर्ट स्कूलमध्ये कधी गेले नाहीत. विल्सनजवळ लुकामा नावाचं गाव आहे, तिथे त्यांचं मशीन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, शिवाय अख्खी घरं उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचं कामही ते करायचे, त्यामुळे अवजड वस्तू कशी उचलायची, कुठे तोलायची हे हाताला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात सायपान बेटावर असताना त्यांनी मोडक्या बी-29 विमानाच्या पार्ट्सची पवनचक्की करून तिच्यावर कपडे धुवायचं मशीन चालवलं होतं. पुढचं सगळं मला तरी तिथूनच सुरू झालेलं वाटतं.

साधारण पासष्टीला धंदा कमी केल्यावर त्यांनी घराजवळच्या शेतात भिरभिरी उभी करायला घेतली. सायकलची चाकं, पंख्यांची पाती, पाइप, रस्त्यावरच्या जुन्या पाट्या, मिल्कशेक मिक्सरचे धातूचे कप, जे हाती लागेल ते. जवळून बघितलं तर गंमत कळते: मागे शेपटासारखा पत्रा असतो, तो वाऱ्याबरोबर सगळं धूड वळवतो, बेअरिंगवर बसवलेलं मोठं चक्र फिरतं, आणि त्या फिरण्याचं दांड्यांनी वर-खाली हलणं होतं, म्हणून वर बसलेला पत्र्याचा माणूस सायकलचे पेडल मारताना दिसतो. हे जमवायला मेकॅनिकच लागतो, नुसती कल्पनाशक्ती पुरत नाही. रस्त्याच्या पाट्यांचे चमकणारे तुकडे हजारोंनी चिकटवलेले, त्यामुळे रात्री गाडीचे हेडलाइट पडले की अख्खं शेत लखलखायचं, आणि आसपासची तरुण पोरं तेवढ्यासाठी रात्री गाड्या घेऊन तिथे यायची.

1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी त्यांची भिरभिरी तिकडे लागली, बाल्टिमोरच्या अमेरिकन व्हिजनरी आर्ट म्युझियमसमोरही एक भलंमोठं उभं आहे.

पण ऊन-पावसात गंज धरतो, रंग उडतो, बेअरिंग जाम होतात. म्हणून विल्सनने ही भिरभिरी शहरात आणून दुरुस्त करायचं मनावर घेतलं. खरा पेच इथे होता. म्युझियममधली मूर्ती हात न लावता जपता येते, पण भिरभिरं थांबवलं तर ते भिरभिरंच राहत नाही आणि फिरत ठेवलं तर झिजतं. मग एकेक उतरवून, सुटं करून, गंज काढून, रंग देऊन पुन्हा फिरतं केलं. सिम्पसन हयात होते तोवर दुरुस्ती करणाऱ्यांना त्यांना स्वतःला विचारता यायचं, ही फार मोलाची गोष्ट.

ते 31 मे 2013 ला वयाच्या 94 व्या वर्षी गेले. त्याच वर्षी राज्याने भिरभिऱ्यांना अधिकृत लोककलेचा दर्जा दिला. विल्सन एकेकाळी तंबाखूच्या बाजारासाठी प्रसिद्ध होतं, त्याच जुन्या गोदामांच्या भागात 2017 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या नावाचं पार्क सुरू झालं, तिथे 30 भिरभिरी आहेत. दर नोव्हेंबरला शहरात भिरभिऱ्यांचा उत्सवही असतो. वारा पडला की पार्क गप्प असतं, आणि झुळूक आली की आधी लहान चाकं सुरू होतात, मोठी नंतर.