शिसवीच्या पाठीचा बडेजाव

"पाठ शिसवीची असेल तरच आवाज भारदस्त," असं पुण्यात गिटार घ्यायला निघालेल्याला कोणीतरी सांगतंच. त्यापायी पालक ऐपतीबाहेर खर्च करतात, याचं फार वाईट वाटतं.

आवाज मुख्यतः घडवते ती पुढची फळी. तारांची कंपनं घोडीतून (फळीवरच्या ब्रिजमधून) तिच्यात उतरतात आणि ती हवा हलवते. ती हलकी पण ताठ हवी, म्हणून स्प्रूस किंवा सीडरचं लाकूड. आतून चिकटवलेल्या पट्ट्यांची मांडणीही तितकीच महत्त्वाची. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या गिटार बनवणाऱ्या कारागिराने १८६२ मध्ये एका गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदी लगद्याच्या केल्या; फळी मात्र स्प्रूसचीच ठेवली! २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासात ५२ वादकांनी वेल्डिंगचे काळे चष्मे लावून, मंद उजेडात सहा गिटारी वाजवल्या. फरक फक्त पाठ-बाजूंच्या लाकडाचा. सगळ्या गिटारींना जवळपास सारखीच पसंती मिळाली.

दुकानात गेलात की मधल्या गोल भोकाची कड निरखून बघा. फळीवरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सलग खाली उतरत असतील तर फळी अखंड लाकडाची. थर दिसले तर प्लायवूड. पैसे घालायचे तर इथे. मात्र अखंड फळी पुण्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तडकू शकते, तेव्हा गिटार केसमध्येच ठेवा.