मानाजीराव, प्रतापरुद्र आणि राघोबादादा

बेळगावात १९२९ साली मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्ष होते शिवराम महादेव परांजपे. ‘काळ’ पत्राचे संपादक, राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगवास भोगलेले, ही त्यांची ओळख पक्की. पण याच परांजप्यांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ला मराठी अंगरखा चढवून ‘मानाजीराव’ केलं होतं, ते मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

मूळ गोष्ट स्कॉटलंडची. खऱ्या मॅकबेथने १०४० मध्ये डंकन राजाला मारलं ते लढाईत. पुढे सतरा वर्षं राज्य केलं, मध्ये रोमची यात्राही करून आला. इतका निवांत राजा नाटकाच्या काय कामाचा! शेक्सपिअरने १६०६च्या सुमारास होलिनशेडच्या बखरीतून कथानक उचललं आणि त्याच बखरीतला दुसऱ्या एका राजाचा खून, पाहुणा म्हणून आलेला असताना झोपेत झालेला, मॅकबेथच्या माथी मारला. वर त्याची झोपही उडवली. झोपेत चालत हातावरचे नसलेले डाग धुणारी राणी बखरीत शोधून सापडायची नाही.

असले शेवट आपल्या रंगभूमीच्या पचनी पडायला वेळ लागला, कारण संस्कृत नाटकाची सवय गोड शेवटाची. विनायक जनार्दन कीर्तन्यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ने १८६१ मध्ये ती मोडली. पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला. हे देवल बेळगावात शिक्षक होते आणि त्यांचे नाट्यगुरू अण्णासाहेब किर्लोस्कर तर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कानडीतही तेच चाललं होतं. एम. एल. श्रीकंठेश गौडांनी १८९५ मध्ये मॅकबेथचा ‘प्रतापरुद्रदेव’ केला.

मराठी प्रेक्षकाला मात्र मॅकबेथ उसना आणायची तशी गरज नव्हती. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादी चुलत्याला, राघोबादादांना मिळाली आणि ‘ध’चा ‘मा’ केल्याचा बोल आनंदीबाईंवर आला. (तो कागद त्यांनीच बदलला, हे सिद्ध झालेलं नाही. दंतकथेला पुरावा लागत नाही.) यावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ लिहिलं. दोन नाटकांतला फरक मला इथे दिसतो. मॅकबेथला त्याचं मन आतून खातं. आपल्याकडे ते मन पागोटं घालून समोर उभं राहतं, त्याचं नाव रामशास्त्री प्रभुणे, आणि ते देहान्त प्रायश्चित्त सुनावतं. माणसाला स्वतःच्या मनाशी खोटं बोलता येतं, शास्त्रीबुवांशी नाही.

रामशास्त्री पुणं सोडून गेले. राघोबादादांची पेशवाई वर्षभरही धड टिकली नाही. बारभाईंनी कारस्थान केलं, नारायणरावांच्या मागे जन्मलेल्या मुलाला गादीवर बसवलं. दादा १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून मोकळे झाले, आणि घरातल्या खुनातून मराठ्यांचं इंग्रजांशी पहिलं युद्ध पेटलं.

मॅकबेथ रणात पडला. दादा १७८३ मध्ये कोपरगावाला वारले.