मोठ्या फोल्डरांचा बॅकअप

मोठ्या फोल्डरांचा बॅकअप : लाखो लहान फाइली असलेल्या फोल्डराची सुरक्षित प्रत घेणे. या कामाला किती वेळ लागेल हे फाइलींच्या एकूण आकारापेक्षा त्यांच्या संख्येवर ठरते. कोकणात जुन्या पोथ्या, दप्तरे आणि वर्तमानपत्रे स्कॅन करणाऱ्यांची गाठ याच्याशी हमखास पडते, कारण तिथे एक पान म्हणजे एक फाइल.

दर फाइलीमागे नाव वाचणे, आकार व बदलाची वेळ तपासणे, ती उघडणे, वाचणे आणि बंद करणे एवढी कामे असतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर नव्या जागी पोहोचायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. २० किलोबाइटच्या १० लाख फाइली म्हणजे २० गिगाबाइट. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने तेवढी एकच फाइल साडेतीन मिनिटांत उतरते. सुट्या फाइलींसाठी मात्र दर फाइलीला एकच फेरी धरली तरी पावणेतीन तास जातात. फिरता भाग नसलेल्या एसएसडीवर हा फरक पुष्कळ कमी होतो.

आदल्या दिवसापासून काहीच बदलले नसले तरी तपासणीचा फेरा चुकत नाही. १९९६ साली आलेले आरसिंक हे फाइलींच्या प्रती जुळवणारे सॉफ्टवेअर पूर्वी फाइलींची सगळी यादी आधी मेमरीत उभी करत असे, दर फाइलीमागे सुमारे १०० बाइट. २००८ च्या ३.० आवृत्तीपासून यादी आणि प्रत बरोबरीने पुढे सरकू लागली. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेतील बदलांची नोंदवही किंवा झेडएफएस या दुसऱ्या फाइल-व्यवस्थेचे स्नॅपशॉट (ठरावीक क्षणी गोठवलेली साठ्याची स्थिती) वापरणारी सॉफ्टवेअरे थेट बदललेल्या भागाकडेच जातात. मोठ्या साठ्याला हीच पद्धत योग्य.

पेनड्राइव्हवर वेगळीच अडचण येते. पेनड्राइव्हवरच्या फॅट३२ या फाइल-व्यवस्थेत एका फोल्डरात ६५,५३६ नोंदी मावतात, पण देवनागरी नावाची एक फाइल एकाहून जास्त नोंदी खाते. शेवटच्या .jpg सारख्या प्रत्ययासह २० चिन्हांच्या नावाला तीन नोंदी लागतात, म्हणजे २२ हजार फाइली व्हायच्या आतच फोल्डर भरतो. डिस्कवर जागा शिल्लक असूनही कॉपी का अडली, हे मग कळत नाही.

पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते. तासन्‌तास चालणारा बॅकअप मध्येच तुटला की झालेली कॉपी शाबूत राहते, पण साधारणपणे तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कित्येक दिवस वीज नव्हती. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा ठिकाणी साठ्याची एक प्रत घाटावर असावीच. ती पाठवताना मात्र दर फाइलीला नेटवर्कची वेगळी ये-जा होते. म्हणून एका वर्षाच्या अंकांची सगळी पाने एका टार फाइलीत (अनेक फाइलींचा एकच गठ्ठा) बांधून पाठवावीत. त्यातले एक पान बदलले तर पूर्ण गठ्ठा पुन्हा बांधावा लागतो, पण जुने अंक सहसा बदलत नाहीत. प्रत परत उतरवतानाही प्रत्येक फाइल नव्याने निर्माण होते. प्रत उतरवायला लागणारा वेळ मे महिन्यातच एकदा मोजून ठेवावा.