अंगणातली घूस : आम्ही येईपर्यंत बिळात सिमेंट ओतू नका

पावसाळा तोंडावर आला की आमचा, म्हणजे नाशकातल्या पेस्ट कंट्रोलवाल्यांचा, फोन सकाळी सातलाच वाजायला लागतो. "अंगणात मातीचे ढीग निघालेत, लगेच माणूस पाठवा." माणूस पाठवतो. तो पोचतो तेव्हा बिळाच्या जागी ताजं सिमेंट, त्यात बाटलीच्या काचा खोचलेल्या, वर फिनेलचा वास. मालक सांगतात, "तात्पुरतं बुजवलंय, आता तुम्ही औषध टाका." टाकायचं कुठे?

घुशीच्या बिळाला एकच तोंड नसतं. एक बुजलं की ती दुसरीकडून निघते, आणि खणायला सोपं पडतं तिकडे वळते. बंगल्यात ती जागा बहुधा जोत्याच्या कडेची भर नाहीतर ड्रेनेजच्या चेंबरभोवतीची पोकळ माती. म्हणजे काल गुलाबाच्या वाफ्यात असलेली घूस तुम्ही स्वतःच्या हातानं घराखाली धाडता. मग महिन्याभरात पेव्हर ब्लॉक खचतात, पायरी एका बाजूला बसते. आमची एक फेरी नुसती नवी बिळं शोधण्यात जाते, आणि बिल वाढलं की "मुद्दाम लांबवतात" हे ऐकून घ्यावं लागतं.

बुजवायचंच असेल तर असं करा. आम्ही येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या बिळांच्या तोंडावर खुरप्यानं सुटी माती नुसती लोटा. दाबू नका, पाणी मारू नका, बिळात हात तर मुळीच घालू नका. रिकाम्या बिळात नाग-घोणस येऊन राहतात. (साप दिसला तर आम्हाला नाही, सर्पमित्राला बोलवा.) सकाळी जी तोंडं पुन्हा उघडी दिसतील ती चालती बिळं. त्यांच्याजवळ एकेक काडी रोवा आणि फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. अंगणात आठ बिळं दिसली तरी उघडतात बहुधा दोन-तीनच. औषध तिथेच लागतं, बाकीच्या ठिकाणी ते वाया जातं.

यात एक खोच आहे. शेतातून येणारी लहान जातीची घूस आत शिरल्यावर तोंड स्वतःच मातीनं लिंपून घेते. त्यामुळे भोक दिसत नाही पण शेजारी ओलसर, भुसभुशीत उकीर (उकरलेल्या मातीचा ढीग) आहे, असं दिसलं तर घूस बिळातच आहे. "बीळ बंद झालं, गेली वाटतं" म्हणून आम्हाला नको म्हणणारे पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करतात.

हल्ली आणखी एक प्रकार सुरू झालाय. परदेशातले व्हिडिओ पाहून लोक जमिनीत रोवायच्या, थरथरणाऱ्या सोलर काड्या मागवतात, नाहीतर एरंडेल तेल शिंपडतात. ते उपाय मोल नावाच्या प्राण्यासाठी सांगितलेले असतात. मोल गांडुळं आणि किडे खातो. आपल्या देशात तो पूर्व हिमालय आणि ईशान्येकडे सापडतो, नाशकात नाही. घुशीला धान्य, कंद, खरकटं, काहीही चालतं. लांब तोंडाची, भिंतीकडेनं चीं चीं करत पळणारी चिचुंद्री तर उंदीरसुद्धा नाही. ती झुरळं आणि किडे खाते. तिच्यासाठी बोलावलंत तर आम्ही तिला मारत नाही.

आता औषधाविषयी. दुकानात मिळणारी काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाईड. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो आणि परिणाम लगेच दिसतो, म्हणून लोकांना ती आवडते. पण घूस नवीन खाणं आधी चाखून बघते. थोडं खाल्लं, त्रास झाला आणि ती वाचली, तर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून काळं औषध वापरायचं तर आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं आमिष घालून तिला चटक लावावी लागते. घरी हे कुणी करत नाही. तुम्ही आधी काही टाकलं असेल तर खरं सांगा. आम्ही रागावत नाही, फक्त आमिष बदलतो.

आम्ही बहुतेक ठिकाणी ब्रोमाडिओलोन या विषाचे केक कुलूपबंद डब्यात ठेवतो. त्यानं रक्त गोठणं थांबतं आणि घूस काही दिवसांनी मरते, त्यामुळे तिला आमिषाचा संशय येत नाही. "तीन-तीन फेऱ्या कशाला?" याचं उत्तर हेच : पहिली फेरी बिळं ओळखून आमिष ठेवायची, दुसरी आमिष किती खाल्लं ते बघून भर घालायची, तिसरी मेलेली घूस उचलून मग बिळं पक्की बुजवायची. सिमेंट तेव्हा, आणि तेही आम्हीच करून देतो. घरात कुत्रा-मांजर असेल तर आधी सांगा, आम्ही पिंजरे लावतो. विष खाल्लेली घूस मांजरानं किंवा घुबडानं खाल्ली तर त्यालाही बाधू शकतं. पिंजऱ्यात सापडलेली घूस शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सोडू नका, शेजारीही आमचेच गिऱ्हाईक आहेत.

काही जण गॅसच्या गोळ्या मागतात. त्या आम्ही घराजवळ टाकत नाही, कितीही पैसे दिलेत तरी. तो वायू मातीतून, भेगांतून खोलीत शिरतो आणि त्याच्यावर उतारा नाही. कायद्यानंही त्या सर्रास कुणाला विकता येत नाहीत. कुणी "एका रात्रीत साफ" म्हणून त्या टाकून देत असेल तर त्याला फाटकातूनच परत पाठवा.

मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी फाटा या भागात मळ्याच्या जागी प्लॉट पडताहेत. शेजारी पाया खणला की तिथली घूस तुमच्याकडे येणारच, तो आमच्या कामाचा दोष नाही. तरी ओला कचरा रात्री अंगणात ठेवू नका, सकाळी थेट घंटागाडीत द्या. पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्या. विटा-फरशांचा जुना ढीग भिंतीला लावून ठेवला असेल तर हलवा. मेलेली घूस किंवा तिची लेंडी उघड्या हातानं उचलू नका, तिच्या मूत्रातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संसर्ग होऊ शकतो.

पहिल्या पाहणीचे पैसे काम दिलंत तर बिलातून वजा होतात. पावसात बिळात पाणी भरलं की घुशी उंच, कोरड्या जागेकडे म्हणजे जोत्याकडे सरकतात, म्हणून मे महिन्यात बोलावलंत तर काम कमी लागतं आणि तारीखही लवकर मिळते. जूनमध्ये फोन केलात तर थोडं थांबावं लागेल. तोवर सिमेंटची गोणी तशीच राहू द्या.