अंडं फुटण्याआधीचे दिवस

मूल हवे असे ठरवून प्रयत्न सुरू करणाऱ्या, म्हणजे बोलीत ‘चान्स घेणाऱ्या’ जोडप्याला नातेवाईक, मैत्रिणी आणि मोबाइलवरील ॲप बहुधा एकच सल्ला देतात: पाळीचा चौदावा दिवस चुकवू नका. या सल्ल्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक म्हणजे प्रत्येक स्त्रीचे बीज चौदाव्या दिवशी बाहेर पडते, आणि दुसरी म्हणजे गर्भधारणेसाठी तोच दिवस महत्त्वाचा असतो. दोन्ही गृहीतके चुकीची आहेत, आणि त्यांच्यावर विसंबून अनेक जोडपी महिनोन्महिने चुकीच्या दिवसांची वाट पाहत राहतात.

शरीरात काय घडते ते आधी पाहू. पाळी सुरू झाल्यावर बीजकोषातील काही पुटिका (डॉक्टर त्यांना फॉलिकल म्हणतात) वाढू लागतात आणि काही दिवसांत त्यांपैकी एक बाकीच्यांना मागे टाकते. तिच्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात रक्तात येते. त्याची पातळी पुरेशी वर जाऊन सुमारे दोन दिवस तशीच टिकली, की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी एलएच नावाचे संप्रेरक एकदम मोठ्या प्रमाणात सोडते. ही वाढ सुरू झाल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांनी पुटिका फुटते आणि स्त्रीबीज बीजवाहिनीकडे जाते. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बायका ‘अंडं फुटलं का’ असे विचारतात, ती हीच घटना. बाहेर पडलेले बीज १२ ते २४ तासच फलनक्षम राहते. शुक्राणू मात्र गर्भाशयमुखाच्या अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, म्हणून गर्भधारणेची संधी बीज बाहेर पडण्याच्या आधी काही दिवस सुरू होते आणि त्यानंतर फार लवकर संपते.

हे आकड्यांत दाखवणारा अभ्यास अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. मूल हवे असलेल्या २२१ निरोगी स्त्रियांनी रोज सकाळच्या लघवीचे नमुने जपून ठेवले आणि संबंधांच्या दिवसांची नोंद केली. ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या चक्रांत दिवस राहिले, त्या सर्वांमध्ये संबंध बीज बाहेर पडण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या पाच दिवसांत आलेले होते. पाच दिवस आधीच्या संबंधातून गर्भधारणेची शक्यता सुमारे दहात एक होती, आणि बीज बाहेर पडण्याच्या दिवशी ती तिनात एकपर्यंत गेली. त्यानंतरच्या दिवशी आलेल्या संबंधातून गर्भधारणा झाल्याचे आढळले नाही.

याच अभ्यासात आणखी एक प्रश्न तपासला गेला होता आणि महाराष्ट्रात तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. संबंधाचा दिवस आणि बाळाचे लिंग यांचा काही मेळ बसतो का, हे संशोधकांनी पाहिले आणि तसा कोणताही मेळ त्यांना आढळला नाही. सम तारखेला मुलगा आणि विषम तारखेला मुलगी होते, ही आपल्याकडे अजूनही सांगितली जाणारी समजूत निराधार आहे. तिच्या मागे लागून एक दिवसाआडचे निम्मे दिवस सोडून देणारे जोडपे गर्भधारणेची आपली संधी तेवढी कमी करून घेते.

आता चौदाव्या दिवसाकडे वळू. जपानमधील क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियातील हर्मान क्नाउस या डॉक्टरांनी १९२०च्या दशकात स्वतंत्रपणे असे दाखवले, की बीज बाहेर पडण्याचा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजला तर बराचसा स्थिर असतो. पुढे लोकप्रिय सल्ल्यात हा हिशोब उलटा झाला आणि मागच्या पाळीपासून चौदा दिवस मोजण्याची रीत पडली. चक्र नेमके २८ दिवसांचे असेल तर दोन्ही हिशोब एकाच दिवशी येऊन मिळतात, परंतु तसे चक्र नेहमीचे नाही. एका ॲपवर नोंदवलेल्या सहा लाखांहून अधिक चक्रांचे विश्लेषण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस निघाली आणि नेमकी २८ दिवसांची चक्रे फक्त १३ टक्के होती. बीज बाहेर पडण्यापूर्वीचा काळ सरासरी १६.९ दिवसांचा, तर नंतरचा १२.४ दिवसांचा होता. चक्र लांबते किंवा आखडते ते मुख्यतः या पूर्वार्धात, आणि आजारपण, मोठा प्रवास किंवा मनावरचा ताण यांमुळे तो एखाद्या महिन्यात अनपेक्षितपणे पुढे ढकलला जाऊ शकतो. म्हणूनच फक्त तारखांवरून पुढचा अंदाज सांगणाऱ्या ॲपकडे भाकीत म्हणून पाहावे, मोजमाप म्हणून पाहू नये.

तरीही तारखा लिहून ठेवाव्यातच. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात पाळीची तारीख गोल करून ठेवण्याची आपल्याकडच्या अनेक घरांतली सवय यासाठी पुरेशी आहे. फक्त पहिला दिवस कोणता धरायचा याबाबत गोंधळ नको. रक्तस्राव नीट सुरू होतो तो पहिला दिवस. आदल्या दिवशी दिसलेला पुसटसा डाग मोजायचा नाही, आणि पाळी संपल्यापासून तर मोजायचेच नाही.

तापमानाची पद्धत शास्त्रीय वाटते, कारण तिच्यात आकडे आणि आलेख असतात. बीज बाहेर पडल्यावर फुटलेल्या पुटिकेपासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होते आणि त्याच्या प्रभावाने शरीराचे विश्रांतीचे तापमान साधारण ०.४ ते १ अंश फॅरनहाइटने वाढते. सकाळी जाग आल्याबरोबर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, कोणाशी बोलण्याआधी आणि पाणीही पिण्याआधी ते मोजावे लागते. ९७.२, ९७.०, ९७.३ असे रेंगाळणारे आकडे एके दिवशी ९७.८ वर जातात, आणि पुढचे दोन दिवसही तिथेच राहिले तर बीज बाहेर पडून गेले असे समजता येते. पद्धतीची मर्यादा याच वाक्यात आहे: तापमान वाढलेले दिसते तेव्हा संधी संपलेली असते. त्यात रात्रपाळी, तान्ह्या पहिल्या मुलासाठी झालेले जागरण किंवा किरकोळ ताप यांनी आलेख बिघडतो. आपले बीज साधारण कितव्या दिवशी बाहेर पडते, हे दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून कळते, आणि तेवढ्यासाठी ही पद्धत उपयोगी आहे. चालू महिन्यात दिवस ठरवण्यासाठी तिच्यावर अवलंबून राहू नये.

पुढचे सांगणारी खूण शरीर स्वतःच देते, तिला एक रुपयाही लागत नाही, आणि माझ्या मते तिचीच आपल्याकडे सर्वांत जास्त उपेक्षा होते. ती म्हणजे गर्भाशयमुखाचा स्राव. मेलबर्नचे डॉक्टर दांपत्य जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज यांनी १९५०च्या दशकापासून या खुणेचा पद्धतशीर अभ्यास केला. पाळी संपल्यावर काही दिवस योनिमार्ग कोरडा वाटतो. मग इस्ट्रोजेन वाढू लागते तसा चिकट, पांढुरका, घट्टसर स्राव दिसतो आणि बीज बाहेर पडण्याच्या सुमारास तो पातळ, पारदर्शक, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा होतो. लघवीनंतर टिश्यू पेपरने टिपून दोन बोटांत धरला तर तो न तुटता बराच ताणला जातो, आणि चालताना ओलसर, बुळबुळीत जाणवतो. याच स्रावातून शुक्राणू सहज वर सरकतात आणि याच स्रावात ते टिकतात, त्यामुळे ही खूण केवळ सूचना देत नाही, ती स्वतः गर्भधारणेच्या प्रक्रियेचा भाग आहे. असा स्राव जाणवू लागल्यापासून एक दिवसाआड किंवा रोज संबंध ठेवावेत. खाज, दुर्गंध किंवा दह्यासारखा स्राव असेल तर तो संसर्ग असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे. ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणून दर महिन्याला घाबरणाऱ्या कितीतरी मुलींना यातला बराचसा स्राव निरोगी असतो हे कोणी सांगितलेलेच नसते.

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या पट्ट्या लघवीतील एलएच ओळखतात. पट्टी ओली झाली की रंगीत कण चिकटवलेली प्रतिपिंडे लघवीबरोबर पुढे सरकतात आणि एलएच असेल तर चाचणीच्या रेषेवर अडकून रंग उमटवतात. येथे गरोदरपणाच्या चाचणीची सवय घात करते. गरोदरपणाच्या पट्टीवर फिकट दुसरी रेषाही होकारार्थी असते, परंतु एलएच थोड्या प्रमाणात शरीरात नेहमीच असल्यामुळे या पट्टीवर फिकट रेषा अनेक दिवस दिसू शकते. चाचणीची रेषा नियंत्रण रेषेइतकी (पट्टी नीट चालली हे दाखवणाऱ्या शेजारच्या रेषेइतकी) किंवा तिच्याहून गडद झाली तरच निकाल होकारार्थी धरायचा, आणि तोही पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचायचा. चाचणी कधी सुरू करायची याचा सोपा हिशोब असा: आपल्या चक्राच्या दिवसांतून १७ वजा करावेत. चक्र ३० दिवसांचे असेल तर तेराव्या दिवसापासून, आणि चक्र कमीजास्त होत असेल तर सर्वांत लहान चक्र धरून. बऱ्याच पट्ट्यांसाठी पहाटेची पहिली लघवी सोयीची नसते, कारण एलएचची वाढ अनेकदा पहाटे रक्तात सुरू होऊन काही तासांनी लघवीत उतरते. दुपारी किंवा संध्याकाळी, रोज साधारण एकाच वेळी आणि आधीचे दोन तास फार पाणी न पिता चाचणी करावी. गडद रेषा आली की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध ठेवावेत.

गडद रेषा म्हणजे मेंदूने आदेश दिला, एवढेच. बीजकोषाने तो पाळला की नाही हे पट्टी सांगू शकत नाही. पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडून बीज नियमितपणे बाहेर न पडण्याचा विकार) असलेल्या स्त्रियांमध्ये एलएचची पातळी मुळातच जास्त राहू शकते किंवा बीज बाहेर न पडताच ती पुन्हा पुन्हा वर जाऊ शकते, त्यामुळे त्यांनी या पट्ट्यांवर पैसे खर्च करण्याआधी डॉक्टरांशी बोलणे बरे. बीज फुटण्यासाठी एचसीजी या संप्रेरकाचे इंजेक्शन घेतले असेल तर तेही काही पट्ट्यांवर चुकीची गडद रेषा उमटवू शकते.

बीज खरोखर बाहेर पडले का, हे पाहण्यासाठी रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासतात. चिठ्ठीवर ते ‘डे २१’ म्हणून लिहिलेले असते, पण तो दिवस २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. ही तपासणी पुढच्या पाळीच्या सुमारे सात दिवस आधी व्हायला हवी, म्हणून ३५ दिवसांचे चक्र असणारीने ती अठ्ठाविसाव्या दिवशी करावी. एकविसाव्या दिवशी केल्यास तिचे बीज कदाचित नुकतेच बाहेर पडलेले असेल आणि कमी आलेला आकडा पाहून विनाकारण औषधे सुरू होतील. अशा वेळी आपले चक्र किती दिवसांचे आहे हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे.

वय ३५ पेक्षा कमी असेल तर वर्षभर, आणि त्याहून जास्त असेल तर सहा महिने नियमित प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तज्ज्ञांकडे जावे. पाळ्या दोन-दोन महिने लांबत असतील तर तेवढीही वाट पाहू नये. पतीची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्यावी. ती स्वस्त आणि वेदनारहित आहे, तरी आपल्याकडे अनेक घरांत बायकोच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावर तिचा विषय निघतो, आणि तोवर त्या बाईने कित्येक महिने पट्ट्या, थर्मामीटर आणि सासरच्या प्रश्नांना एकटीने तोंड दिलेले असते. या तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावे लागतात. नमुना घरी घेतला तर तो शरीराच्या उबेजवळ ठेवून तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावा, आणि अहवालात दोष दिसला तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी, कारण वीर्याचा दर्जा एका नमुन्यापासून दुसऱ्यापर्यंत बराच बदलतो.