विद्यापीठातील संशोधन, फीचा पैसा आणि केळीचे रोप

‘सरकारी विद्यापीठातील संशोधन मुलांच्या फीवर चालते आणि त्याचा शेतकऱ्याला काडीचा उपयोग नसतो,’ असा मजकूर जळगाव-धुळ्याकडे वर्षानुवर्षे फिरतो आहे. फी वाढली की तो खरा वाटणे स्वाभाविक आहे.

मोठ्या संशोधन प्रकल्पांचा पैसा बहुतांशी शासकीय अनुदानातून येतो. त्यासाठी प्रस्ताव द्यावा लागतो, तज्ज्ञ तो तपासतात, मंजूर रक्कम ठरलेल्या कामावरच खर्च करावी लागते आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सादर करावे लागते. काही विद्यापीठे स्वनिधीतून छोटे प्रकल्पही चालवतात, हे मात्र मान्य केले पाहिजे.

उपयोगाचे म्हणाल, तर जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावलच्या मळ्यांतील ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेले) केळीचे रोप पाहावे. अशी रोपे प्रयोगशाळेत ज्या पोषक माध्यमांवर वाढवतात, त्यांतील सर्वाधिक प्रचलित माध्यमाची कृती 1962 मध्ये अमेरिकेतील एका सार्वजनिक विद्यापीठातून प्रसिद्ध झाली. आणि तेथे अभ्यास चालला होता तो केळीचा नव्हे, तंबाखूच्या ऊतींचा! संशोधनाचा उपयोग असा आडवाटेने आणि उशिरा येतो, म्हणून तो मोजणे अवघड जाते.

पडताळणी घरबसल्या होते. विद्यापीठाच्या वार्षिक लेख्यांत फी आणि संशोधन अनुदान ही शीर्षे वेगळी पाहावीत. ती सापडली नाहीत, तर माहिती अधिकार अधिनियम, 2005 अन्वये 10 रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तराची सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे. पीएच.डी.चे अनेक प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर विनामूल्य वाचता येतात.