कॉम्प्युटरला गेलं की गणित सुटतं?

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या दिवसांत हा सल्ला हमखास कानावर येतो: गणित झेपत नसेल तर कॉम्प्युटर शाखा घे, तिथे नुसतं कोडिंग. साफ चूक. पुणे विद्यापीठाचा २०१९ चा अभ्यासक्रमच बघा. पहिल्या वर्षी एम-१, एम-२ (एम म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स). दुसऱ्या वर्षी डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स (सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित), वर एम-३. (एम-३ची धास्ती सीनियरना विचारा.) आणि हे गणित शोभेचं नाही. क्रमाने लावलेल्या १० लाख नावांतून एक शोधताना बायनरी सर्च ही शोधपद्धत दर खेपेला मधल्या नावाशी तुलना करून निम्मी यादी बाद करते. फार तर २० तुलनांत काम फत्ते. २०च का? दोनाचा विसावा घात १० लाखांच्या जरा वर जातो म्हणून. कोडिंगचं म्हणाल, तर त्याच अभ्यासक्रमात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा पहिल्या वर्षी सगळ्याच शाखांना मुळापासून शिकवत.